गादीवरची नावं

इसवी सन ८४९च्या सुमारास वेसेक्सचा राजा ॲथेलवुल्फ याला शेवटचा मुलगा झाला. आधीच्या चौघांची नावं होती ॲथेलस्टन, ॲथेलबाल्ड, ॲथेलबर्ट आणि ॲथेलरेड. मुलगी ॲथेलस्विथ. या घरात कुणी घाईत अर्धंच नाव घेऊन हाक मारली असती, तर बापासकट सगळ्यांनी ओ दिली असती. धाकट्याचं नाव तेवढं वेगळं ठेवलं गेलं: ॲल्फ्रेड. थोरला ॲथेलस्टन बापाच्या हयातीतच गेला. उरलेले चौघे एकामागून एक गादीवर आले, आणि 'थोर' ही पदवी इतिहासानं लावली ती या वेगळ्या नावाच्या धाकट्याला.

पाचव्या शतकात रोमन सत्ता आटोपल्यावर आजच्या डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यांवरून अँगल, सॅक्सन, ज्यूट अशा टोळ्या ब्रिटनमध्ये उतरल्या. त्यांनी वसवलेल्या राज्यांत आडनाव नावाची गोष्टच नव्हती. माणसाला एक नाव, आणि ते बहुधा दोन तुकड्यांचं. तुकड्यांचा साठा ठरलेला असे. 'ॲथेल' म्हणजे कुलीन, 'एड' म्हणजे संपत्ती किंवा भाग्य, 'सिगे' म्हणजे विजय, 'किने' म्हणजे राजकुळातला, 'ऑस' म्हणजे देव. हे झाले पुढचे तुकडे. मागं जोडायला 'रेड' म्हणजे मसलत, 'वर्ड' म्हणजे रखवालदार, 'मुंड' म्हणजे रक्षण, 'गार' म्हणजे भाला, 'स्टन' म्हणजे दगड, 'बर्ट' म्हणजे तेजस्वी. एडवर्ड हा संपत्तीचा रखवालदार, एडगर हा संपत्तीचा भाला, एडमंड हा तिचा रक्षणकर्ता. ॲल्फ्रेडच्या नावातला 'ॲल्फ' म्हणजे लोककथांमधला अद्भुत जीव, एल्फ. तेव्हा त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ 'एल्फांची मसलत' असा निघतो.

पण अशी फोड करून अर्थ लावत बसलं, की लवकरच पंचाईत होते. 'विगफ्रिथ' हे नाव खरोखर वापरात होतं. त्याचा पहिला तुकडा युद्ध आणि दुसरा शांतता. 'फ्रिथुवुल्फ' म्हणजे शांततेचा लांडगा. वूस्टरचा बिशप संत वुल्फस्टन १०९५मध्ये वारला. त्याच्या नावाचा अर्थ 'लांडगा-दगड'. हे नाव कुठून आलं ते त्याच्या चरित्रात नोंदलेलं आहे. आईचं नाव वुल्फगिफू, बापाचं ॲथेलस्टन. आईच्या नावाचा पुढचा तुकडा घेतला, बापाच्या नावाचा मागचा, आणि पोराचं नाव तयार झालं. लांडग्याचा आणि दगडाचा एकमेकांशी काय संबंध, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नसावा. मूल कुणाचं आहे हे नावानं सांगितलं, एवढं पुरेसं होतं.

सामान्य घरात ही ओळख होती. राजघराण्यात तो हक्क होता. बापामागं थोरला मुलगा, असा वारसाहक्काचा पक्का नियम तेव्हा रुळलेला नव्हता. मूळपुरुषापर्यंत आपली वंशावळ नेऊन दाखवू शकणारा कोणताही कर्ता पुरुष गादीवर दावा सांगू शकत असे. अशा राजपुत्रांना 'ॲथेलिंग' म्हणत. या शब्दातही तोच 'ॲथेल' आहे. बखरकारही नव्या राजाच्या नावापुढं पिढ्यांची यादी जोडत. 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या बखरीत ८५५ सालच्या नोंदीत ॲथेलवुल्फची वंशावळ वोडन देवापर्यंत जाते, तिथं न थांबता नोहाच्या तारवात जन्मलेल्या एका मुलापर्यंत पोचते आणि शेवटी आदमाला भिडते. एवढी मोठी यादी लक्षात राहायची तर एखादी युक्ती हवी. ती त्यांच्या कवितेत तयारच होती: आद्याक्षरांचा अनुप्रास. जुन्या इंग्रजी पद्यात यमक नव्हे, तर शब्दारंभीचे सारखे ध्वनी ओळ बांधत. हाच नेम राजांच्या नावांना लागू झाला.

एसेक्सचं घराणं या बाबतीत सर्वांत काटेकोर. स्लेड, सेबर्ट, सेक्सरेड, सेवर्ड, सिगबर्ट, स्विथहेल्म, सिगहेर, सेबी, सिगहर्ड, सेलरेड, स्विथरेड, सिगरिक, सिगरेड. सुमारे दोनशे वर्षांत ऑफासारखा एखादाच राजा 'स'च्या बाहेरचा. इतर राजघराणी वोडन देवाला मूळपुरुष मानत, तर एसेक्सची वंशावळ सेक्सनेट नावाच्या देवापर्यंत जाई. त्याचंही नाव 'स'वरूनच. या घराण्याची एक घरगुती गोष्ट बीड या मठवासी इतिहासकारानं ७३१मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात दिली आहे. सेबर्ट ख्रिस्ती झाला होता, पण त्याच्या मागं राज्य वाटून घेणारे त्याचे तिघे मुलगे झाले नव्हते. चर्चमध्ये प्रसादाची पांढरी भाकर वाटली जात असताना ते लंडनच्या बिशपला म्हणाले, आमच्या बापाला, साबाला, देत होतात ती आम्हाला का देत नाही? बाप्तिस्मा घेतल्याशिवाय मिळणार नाही, म्हटल्यावर त्यांनी बिशपलाच हाकलून दिलं. इतकं भारदस्त दोन तुकड्यांचं नाव घरात 'साबा' झालं होतं. पेंडा, ऑफा, इडा, इने, वुफा ही राजांची आखूड नावं याच लघुनामांच्या जातकुळीतली. पूर्व अँग्लियाच्या एका राजाचं नाव तर ॲना होतं, आणि तो चांगला मुलींचा बाप, लढाईत पडलेला पुरुष होता.

उत्तरेला नॉर्थम्ब्रियात 'ऑस' हा तुकडा चालला. राजा ॲथेलफ्रिथ ६१६मध्ये मारला गेला. त्याच्या मुलांत ऑस्वल्ड, ऑस्विऊ, ऑस्लाक, ऑस्लाफ अशी रांगच आहे. पुढं ऑस्रेड, ऑस्रिक, ऑस्वुल्फ, ऑस्बाल्ड येतात, आणि ८६७मध्ये यॉर्कजवळ व्हायकिंगांशी लढताना पडलेला राजा ऑस्बर्ट. म्हणजे ऑस्वल्डपासून मोजलं तरी सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ हा तुकडा गादीच्या आसपास फिरत राहिला.

मध्य इंग्लंडच्या मर्सियामध्ये आजच्या इतिहासकारांना आद्याक्षरांचा फार उपयोग होतो. नवव्या शतकात तिथं गादीवरून एकसारखी झोंबाझोंबी चालली, आणि कोण कुणाचा नातलग याचे कागद फारसे उरले नाहीत. उरली ती नावं. केनवुल्फ, त्याचे भाऊ कथरेड आणि केओलवुल्फ, मुलगा किनेहेल्म, मुलगी क्वेनथ्रिथ हा एक 'क'चा गोतावळा. बेओर्नवुल्फ, बेओर्टवुल्फ, बर्गरेड हे 'ब'वाले. विग्लाफ, विग्मुंड, विग्स्टन हे 'व'वाले. ही तीन चढाओढीतली घराणी असावीत, असा तर्क या अक्षरांवरून बांधला जातो. ॲल्फ्रेड जन्मला त्याच सुमारास, ८४९ साली, 'व'कडच्या विग्स्टनला 'ब'कडच्या बेओर्टफ्रिथनं ठार मारलं. विग्स्टनला रेप्टनच्या चर्चमध्ये पुरलं आणि पुढं तो संत ठरला. त्या चर्चचं तळघर आजही शाबूत आहे.

शेजारच्या बड्या सत्तेचं नाव आपल्या पोराला देण्याची हौसही होती. केंटचा राजा ॲथेलबर्ट याची राणी बर्था ही फ्रँक राजाची मुलगी. तिच्या वंशात पुढं ह्लोथहेर नावाचा राजा होतो. हे नाव केंटच्या साठ्यातलं नव्हे. फ्रँक राजघराण्यातल्या क्लोथारचं ते इंग्रजी रूप. खाडीपलीकडच्या आजोळाची आठवण केंटनं अशी गादीवर बसवली होती.

याहून मोठं आश्चर्य वेसेक्समध्ये आहे. बखरीप्रमाणे ४९५मध्ये किनाऱ्यावर उतरलेला कर्डिक हा या घराण्याचा मूळपुरुष. पुढची कित्येक शतकं वेसेक्सचा प्रत्येक दावेदार आपण कर्डिकचा वंशज असल्याचं सांगत राहिला. त्याच्यामागून किनरिक, केऑलिन, केओलवुल्फ, किनेगिल्स, केनवाल, केंटविन अशी 'क'ची माळ लागते. पण 'कर्डिक' हे नाव जर्मानिक नाहीच. ते ब्रिटनमधल्या मूळच्या केल्टिक लोकांचं, आजच्या वेल्श भाषेच्या पूर्वजातलं नाव आहे. ६८५मध्ये गादीवर आलेल्या कॅडवालाचंही तसंच. वेल्श राजांमधल्या कॅडवालॉनचं ते भावंड. ज्यांना हुसकावून राज्य उभं केलं असं बखर सांगते, त्यांचीच नावं या घराण्याच्या मुळाशी आहेत. मूळपुरुषाची आई केल्टिक होती, की सगळं घराणंच मिश्र होतं, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मर्सियाच्या बाजूलाही मेरेवाल नावाचा एक राजा सापडतो, आणि त्या नावाचा अर्थच 'नामवंत वेल्श माणूस'.

मग 'क'वाल्या घराण्यात सगळे ॲथेल आणि एड आले कुठून? ८०२मध्ये एग्बर्ट गादीवर आला, तेव्हापासून. त्याचा बाप एल्हमुंड हा ७८४मध्ये केंटचा राजा होता, आणि केंटमध्ये एग्बर्ट नावाचे दोन राजे आधी होऊन गेले होते. एग्बर्टनं आपली वंशावळ वेसेक्सच्या जुन्या राजाच्या, इनेच्या, भावापर्यंत नेऊन दाखवली. नावाचा ओढा मात्र केंटकडचा. जुन्या इंग्रजी पद्यात सगळे स्वर एकमेकांशी अनुप्रास साधतात, त्यामुळं एग्बर्ट, ॲथेलवुल्फ, ॲल्फ्रेड, एडवर्ड ही नावं त्या काळच्या कानाला एकाच माळेतली वाटत. ८०२पासून १०१६पर्यंत वेसेक्सच्या घराण्यातल्या प्रत्येक राजाचं नाव स्वरानं सुरू होतं. ॲल्फ्रेडचं नाव भावंडांपासून फुटून निघालं तेही याच मर्यादेत राहून.

'एड' हा तुकडा या घरात ॲल्फ्रेडच्या मुलापासून दिसू लागतो. ॲल्फ्रेडची बायको एल्हस्विथ मर्सियाची; तिच्या आईचं नाव एडबर, आणि ती मर्सियाच्या राजवंशातली होती, असं ॲल्फ्रेडचा समकालीन चरित्रकार ॲसर सांगतो. थोरल्या नातवाचं नाव एडवर्ड ठेवलं ते या आजीवरून, असं मानायला जागा आहे. व्हायकिंगांनी मर्सिया खिळखिळी केलेली होती, आणि तिथल्या रक्ताचा वारसा सांगणारं नाव वेसेक्सच्या राजपुत्राला पुढं उपयोगी पडणार होतं. एडवर्डनं आपल्या मुलींना एडगिथ, एडगिफू, एडहिल्ड, एडफ्लेड, एडबर अशी नावं दिली आणि तो तुकडा घराण्यात पक्का केला.

राजकन्यांच्या नावांत पुढचे तुकडे भावांचेच, मागचे वेगळे. 'गिफू' म्हणजे देणगी आणि 'बर' म्हणजे किल्ला. पण 'गिथ' आणि 'हिल्ड' या दोन्हींचा अर्थ लढाई, आणि 'थ्रिथ' म्हणजे बळ. नाजूकपणाला फारसा वाव नव्हता. एडहिल्ड फ्रान्समधल्या ह्यू या बड्या सरदाराकडे गेली, एडगिफू फ्रँक राजा चार्ल्सकडे, आणि एडगिथ जर्मनीच्या ऑटोकडे, जो पुढं सम्राट झाला. माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये तिचं नाव असलेली शिशाची पेटी २००८मध्ये उघडली गेली. आतल्या दातांची ब्रिस्टल विद्यापीठात तपासणी झाली, तेव्हा ही बाई लहानपणी दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या मुलखात वाढली असावी, असं निघालं. ॲना राजाची मुलगी ॲथेलथ्रिथ हिनं ६७३मध्ये ईली इथं मठ काढला आणि ती संत झाली. तिचं नाव झिजत झिजत 'ऑड्री' झालं. तिच्या जत्रेत विकल्या जाणाऱ्या स्वस्त रेशमी पट्ट्यांवरून इंग्रजीत 'टॉड्री' हा शब्द आला. अर्थ भडक आणि सवंग.

धर्म बदलला, तरी नावांचा हा साठा बदलला नाही. पोप होण्याआधी ग्रेगरीनं रोमच्या बाजारात गुलाम म्हणून आणलेली गोरी पोरं पाहिली, ही बीडची गोष्ट प्रसिद्ध आहे. पोरं अँगल म्हटल्यावर त्यानं देवदूतांशी, म्हणजे एंजलांशी, कोटी केली. त्यांचा राजा कोण, तर एला. मग तिथं अलेलुया गायलाच हवा, असं तो म्हणाला. ५९७मध्ये त्याच ग्रेगरीनं पाठवलेला ऑगस्टीन केंटला पोचला आणि एकेक राज्य ख्रिस्ती होत गेलं. तरीही गादीवर पीटर, जॉन किंवा पॉल आले नाहीत. ऑस्वल्डच्या नावातला 'ऑस' हा जुन्या धर्मातला देव, पण तो राजा संत म्हणून पुजला गेला. कॅडवालानं ६८८मध्ये राज्य सोडलं, रोमला जाऊन पोपच्या हातून बाप्तिस्मा घेतला आणि पीटर हे नाव स्वीकारलं. पण काही दिवसांतच तो तिथं वारला. मायदेशी त्याची आठवण कॅडवाला म्हणूनच राहिली.

उलट दिशेचं उदाहरण ॲल्फ्रेडच्या काळातलं. ८७८मध्ये त्यानं डॅनिश सरदार गुथ्रुमचा पराभव केला आणि तहाच्या अटींप्रमाणे त्याला बाप्तिस्मा घ्यायला लावला. धर्मपिता स्वतः ॲल्फ्रेड. नव्या ख्रिस्त्याला नाव दिलं गेलं ते बायबलातलं नव्हे, तर ॲथेलस्टन, ॲल्फ्रेडच्या मेलेल्या थोरल्या भावाचं. शत्रूला त्यानं आपल्या घराण्याच्या नावात ओढून घेतलं. गुथ्रुमनंही ते मनावर घेतलं. पूर्व अँग्लियात त्यानं पाडलेल्या नाण्यांवर ॲथेलस्टन हेच नाव आहे.

दहाव्या शतकात रीत पालटली. तुकडे जुळवून नवं नाव घडवण्याऐवजी पूर्वजाचं अख्खं नाव पुढं चालवलं जाऊ लागलं. ९७८मध्ये गादीवर आलेल्या ॲथेलरेडच्या मुलांची यादी त्याचा कळस आहे. सनदांवर साक्षीदार म्हणून ते ज्या क्रमानं येतात त्यावरून पाहता पहिले सहा असे: ॲथेलस्टन, एग्बर्ट, एडमंड, एडरेड, एडविग, एडगर. दुसऱ्या राणीपासून एडवर्ड आणि ॲल्फ्रेड. एग्बर्ट तेवढा बाजूला ठेवला, तर पहिल्या सहांतले उरलेले पाच आणि त्यांच्यामागचा एडवर्ड म्हणजे ९२४पासून ॲथेलरेडपर्यंत होऊन गेलेले राजे, ओळीनं. डॅनिश चढायांनी गादी डळमळत होती, आणि दरबारात प्रत्येक पाळण्याबरोबर घराण्याची उजळणी चालली होती. ती दुसरी राणी नॉर्मंडीची एमा. १००२मध्ये लग्न होऊन आली आणि तिचं नाव ॲल्फगिफू झालं. नवऱ्याच्या संत ठरलेल्या आजीचं नाव ते. ॲथेलरेडची पहिली बायकोही ॲल्फगिफूच होती. पुढं एमानं डॅनिश राजा कनूटशी लग्न केलं, तर त्याच्याही घरात आधीची एक ॲल्फगिफू होती.

याच ॲथेलरेडच्या नावानं सिद्ध होतं, की तुकड्यांचे अर्थ लोक पार विसरले नव्हते. 'ॲथेल-रेड' म्हणजे कुलीन मसलत. त्याला चिकटलेलं टोपणनाव 'उनरेड', म्हणजे मसलतच नाही, किंवा खोटी मसलत. हे टोपणनाव लेखी सापडतं ते त्याच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. पुढं 'रेड' हा शब्द वापरातून गेला, आणि इंग्रजीत तो 'अनरेडी', म्हणजे बेसावध राजा, होऊन बसला.

१०६६मध्ये हेस्टिंग्जला पडलेला शेवटचा अँग्लो-सॅक्सन राजा हॅरल्ड याचं नाव आईकडून आलेलं, डॅनिश वळणाचं. नॉर्मन विजयानंतर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री यांचा बोलबाला झाला आणि जुनी नावं दोनतीन पिढ्यांत खेडवळ ठरली. हद्दपार राजकुळातली मार्गारेट स्कॉटलंडचा राजा माल्कम याची राणी झाली. तिनं पहिल्या चार मुलांची नावं ठेवली एडवर्ड, एडमंड, ॲथेलरेड, एडगर. तिचा बाप एडवर्ड, आजोबा एडमंड, पणजोबा ॲथेलरेड, खापरपणजोबा एडगर. हातातून गेलेल्या इंग्लंडच्या गादीची वंशावळ तिनं एक पायरी न चुकता मुलांच्या नावांत मांडली. तिच्या मुलीचं नाव एडिथ. ११००मध्ये तिनं इंग्लंडचा नॉर्मन राजा पहिला हेन्री याच्याशी लग्न केलं, तेव्हा ती माटिल्डा झाली. तरीही दरबारी या जोडप्याला 'गॉड्रिक आणि गॉडगिफू' म्हणून चिडवत. अस्सल इंग्रजी नावं ही एव्हाना थट्टेची झाली होती.

ती परत आली ती एका राजाच्या भक्तीमुळं. तिसरा हेन्री हा एमाच्या मुलाचा, संत ठरलेल्या एडवर्ड राजाचा, निस्सीम भक्त. त्यानं वेस्टमिन्स्टर ॲबी त्याच्यासाठी नव्यानं बांधायला घेतली. १२३९मध्ये झालेल्या मुलाचं नाव त्यानं एडवर्ड ठेवलं आणि १२४५मधल्या मुलाचं एडमंड. हा एडवर्ड १२७२मध्ये राजा झाला आणि त्याला पुढं 'पहिला' म्हणू लागले. ॲल्फ्रेडचा मुलगा, ९७८मध्ये खून झालेला राजा आणि खुद्द तो संत, असे आधीचे तिघे एडवर्ड मोजणीत धरलेच गेले नाहीत. क्रमांक नॉर्मन विजयानंतरचेच.

व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलाचं नाव होतं आल्बर्ट एडवर्ड. गादीवर तो दोन्ही नावांनी बसावा, अशी आईची इच्छा होती. १९०१मध्ये त्यानं आल्बर्ट हे नाव वडिलांपुरतं राहू द्यावं असं सांगून फक्त एडवर्ड घेतलं आणि तो सातवा एडवर्ड झाला. १९१०मध्ये तो वारला. त्याच्या स्मरणार्थ मुंबईत परळला उभं राहिलेलं किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय १९२६मध्ये सुरू झालं, आणि 'केईएम' या तीन अक्षरांतला मधला 'ई' हा ॲल्फ्रेडच्या सासूकडून, मर्सियाच्या एडबरकडून, आलेला तोच तुकडा आहे. अँग्लो-सॅक्सन राजे धरून मोजलं, तर परळचा हा एडवर्ड दहावा.